वीस मिनिटांची परीक्षा

१९५८ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात तरुण कंडक्टरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या २२ वर्षांच्या झुबिन मेहतांनी जिंकली. बक्षीस होते नोकरीचे: रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात वर्षभर सहायक कंडक्टर. त्याच वर्षी मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस शंभरावर वादकांसमोर उभे राहिले. ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ हे नाव त्यांनी दिलेले, वादक त्यांनी जमवलेले, रागांवर बेतलेल्या रचना त्यांनी लिहिलेल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. समोर गुण देणारे पंच मात्र नव्हते.

एका वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की या प्रकरणाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. स्पर्धेत कंडक्टरचे नेमके काय तपासतात, आणि ते तपासून झाल्यावर तपासायचे काय काय उरते?

आधी कंडक्टर करतो तरी काय? गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग पाहिलेल्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. सुपा धरणाच्या वीजघरातून पाणी सुटले की राफ्ट निघतात. गाइड मागे बसतो आणि ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ एवढ्याच हाका देतो. वल्ही मारतात ते पुढचे सहा-आठ जण. हाक लाट आल्यावर दिली तर उपयोग नसतो, ती आधी द्यावी लागते. कंडक्टरची काठीही अशीच सुरापेक्षा क्षणभर आधी चालते. फरक एवढा, की राफ्टवरच्या पर्यटकाने वल्हे अर्ध्या तासापूर्वी हातात घेतलेले असते, तर ऑर्केस्ट्रातल्या शेवटच्या रांगेतला व्हायोलिनवादकही वीस-पंचवीस वर्षे वाजवत आलेला असतो. ती सिम्फनी त्याने समोरच्या तरुणाच्या जन्माआधीही वाजवलेली असू शकते. या एका फरकातच कंडक्टरच्या कामाची सगळी अडचण आहे.

आता स्पर्धा. फ्रान्समधल्या बझाँसाँची स्पर्धा १९५१ पासूनची, कोपनहेगनची निकोलाय माल्को स्पर्धा १९६५ पासूनची, लंडनची डोनाटेला फ्लिक १९९० पासूनची. तपशील वेगवेगळे, पण सांगाडा बहुतेक सारखाच. ध्वनिचित्रफितींवरून निवडक उमेदवार बोलावतात. कृतींची यादी महिनोन्‌महिने आधी हातात असते, पण त्यातली कोणती आपल्या वाट्याला येणार हे चिठ्ठीवर ठरते. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटे. त्यात पंचांसमोर तालीम घ्यायची. म्हणजे नुसती कृती वाजवून घेऊन भागत नाही. थांबवायचे, सुधारायचे, पुन्हा घ्यायचे आणि हे सगळे दिसेल असे करायचे. घड्याळ संपले की खाली उतरायचे. लगेच पुढचा उमेदवार, आणि बऱ्याचदा तीच कृती.

यातला ‘दिसेल असे’ हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. समजा दुसऱ्या हॉर्नने एक सूर चुकवला. मुरलेला कंडक्टर नेहमीच्या तालमीत बहुधा थांबणार नाही. चूक वादकालाही कळलेली असते, पुढच्या वेळी तो ती आपणच सुधारतो. त्यासाठी ऐंशी माणसांना थांबवणे म्हणजे वेळ घालवणे आणि वर त्या वादकाचा चारचौघांत अपमान करणे. पण स्पर्धेत न थांबणाऱ्याला ती चूक ऐकू आली की नाही, हे पंचांना कसे कळावे? म्हणून उमेदवार थांबतो. मग अजून दोनदा थांबतो. ज्या संयमाला पुढे आयुष्यभर किंमत येणार, तोच इथे महागात पडतो.

दुसरा घोटाळा ऑर्केस्ट्राच्या चांगुलपणाचा. एकच ओव्हर्चर सकाळपासून आठव्यांदा वाजवणाऱ्या वादकांना ते तोंडपाठ झालेले असते. समोरचा हात डळमळला तरी ते पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाच्या धनुकलीकडे बघून एकत्र राहतात. दहाव्या क्रमांकावर आलेल्या उमेदवाराला हे आयते मिळते. पहिल्या क्रमांकावर आलेल्याच्या वाट्याला अजून न तापलेली वाद्ये. पंच अनुभवी असतात, हे सगळे त्यांना ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि गुणपत्रिकेत उतरवणे वेगळे. काही स्पर्धांत वादकांच्या पसंतीचे स्वतंत्र बक्षीस असते ते यामुळेच. काठी खरी चालली की नुसती हलली, हे पाठीमागून बघणाऱ्यापेक्षा समोर बसलेल्याला अधिक कळते.

जुन्या काळात कानाची परीक्षा म्हणून काही स्पर्धांत वादकांच्या कागदांत मुद्दाम चुका पेरून ठेवत. कुठे एखादा सूर अर्ध्याने वर, कुठे क्लॅरिनेटच्या ओळी अदलाबदल. त्या पकडणाऱ्याला गुण. हे वाचले की मला मुंबईचे सिनेसंगीताचे स्टुडिओ आठवतात. तिथे चुका पेरायची गरज नव्हती. त्या रात्रभर जागून नोटेशन उतरवणाऱ्याच्या हातून आपोआप व्हायच्या. मध्ये एक सूर घसरला की सकाळी अख्खा व्हायोलिन विभाग बेसूर, आणि शिफ्ट तर सुरू झालेली.

त्या व्हायोलिन विभागातले बरेच जण गोव्याचे. गणेशगुडीहून रामनगरमार्गे अनमोड घाट उतरला की गोवा लागतो. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवले. अँथनी गोन्साल्विस अशाच घरचे. वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. ही मुले मुंबईला आली तेव्हा त्यांच्याजवळ एक असे कौशल्य होते जे इथल्या चित्रपटसृष्टीला हवे होते आणि तिच्याकडे फारसे नव्हते: कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवता येणे. गोन्साल्विस १९४३ मध्ये नौशाद यांच्याकडे व्हायोलिनवादक म्हणून लागले, पुढे संयोजक झाले. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. सेबॅस्टियन डिसूझा १९५२ पासून दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्याबरोबर होते. त्या गाण्यांत गायकाच्या ओळीखालून व्हायोलिनची जी दुसरी ओळ वाहत जाते, ती बहुतेक वेळा सेबॅस्टियन यांच्या लेखणीतली.

मराठीत या कामाला संगीत संयोजन म्हणतात. ‘अनिल-अरुण’ या जोडीतले अनिल मोहिले यांचे नाव या श्रेयाखाली आपण कितीतरी ध्वनिमुद्रिकांवर वाचले आहे. कामाचा क्रम साधारण असा. संगीतकाराच्या सिटिंगमध्ये चाल ठरायची. संयोजक ती ऐकून कोणते वाद्य कुठे बोलणार ते लिहायचा, मधले तुकडे भरायचा, प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद करून घ्यायचा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तालीम आणि मग टेक. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच फितीवर. शेवटच्या कडव्यात ट्रम्पेट घसरला तर गाणे पहिल्यापासून. आणि समोर बसलेले सगळे एका शाळेतले नव्हेत. डावीकडे स्टाफ नोटेशन वाचणारे गोव्याचे व्हायोलिनवादक, उजवीकडे सरगम ऐकून लक्षात ठेवणारे सतार-सारंगीवाले, मागे ठेका समजला की कागद कशाला म्हणणारे तबलजी आणि ढोलकवाले. शंकर-जयकिशन यांच्याकडे ताल विभाग दत्ताराम वाडकर सांभाळत, तर वाद्यवृंद सेबॅस्टियन. एका गाण्याला जणू दोन कंडक्टर. श्रेयनामावलीत मात्र दोघांचे पद ‘सहायक’.

बझाँसाँच्या एखाद्या विजेत्याला अशा खोलीत उभे केले असते तर पहिल्या शिफ्टमध्ये त्याचा निभाव लागला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची हुशारी कमी म्हणून नव्हे. ऑर्केस्ट्रा एकाच भाषेत वाचतो, हे तो गृहीत धरून आलेला असतो म्हणून. उलट सेबॅस्टियन यांना लिव्हरपूलच्या पंचांसमोर उभे केले असते तर? बहुधा त्यांनी एकदाही न थांबवता कृती पूर्ण करून दिली असती आणि पंचांनी लिहिले असते, ‘तालीम घेण्याचे तंत्र दिसले नाही.’

लिव्हरपूलला परत जाऊ. मेहतांच्या वर्षी तिथले प्रमुख कंडक्टर होते जॉन प्रिचर्ड. सहायकाचे काम बाहेरून वाटते तसे झगमगीत नसते. प्रमुखाची तालीम चालू असताना सभागृहाच्या मागच्या रांगेत स्कोअर घेऊन बसायचे आणि पितळी वाद्यांखाली बासरी बुडते का ते ऐकून सांगायचे. शाळकरी मुलांचे, लहान गावांचे कार्यक्रम करायचे. प्रमुख आजारी पडला तर उभे राहता यावे म्हणून त्याची प्रत्येक कृती आपणही तयार ठेवायची आणि तो ठणठणीत असेल तर ती तशीच मिटून ठेवायची. स्पर्धेसाठी मोजक्या कृती वर्षभर घोटलेल्या असतात. इथे दर आठवड्याला नवा ढीग, आणि तो वादकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत.

बदली उभे राहणे ही या धंद्यातली खरी परीक्षा, आणि तिची तारीख कुणी आधी कळवत नाही. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि २५ वर्षांचा सहायक लेनर्ड बर्न्स्टाइन एकही तालीम न घेता उभा राहिला. तो कार्यक्रम रेडिओवरून देशभर गेला. मेहतांचेही तेच. वर्ष संपल्यावर लिव्हरपूलच्या विजेतेपदाने त्यांना मोठ्या ऑर्केस्ट्राची खुर्ची आणून दिली नाही. १९६० मध्ये माँट्रियलला इगोर मार्केविच आजारी पडले, मेहता बदली गेले आणि तिथे संगीत संचालक झाले. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसलाही असेच बदली गेले आणि तिथल्या मंडळींना इतके आवडले, की व्यवस्थापनाने त्यांना सहायक म्हणून नेमूनच टाकले. नियोजित संगीत संचालक गेऑर्ग सोल्टी यांना न विचारता. सोल्टींनी राजीनामा दिला आणि २६ व्या वर्षी मेहता त्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख झाले. यात कर्तबगारी आहेच. पण आजारपण, विमानाची वेळ आणि विश्वस्तांचा उतावळेपणाही आहे.

प्रमुख झाल्यावर तर काठी हा कामाचा लहानसा भाग उरतो. दोन वर्षांनंतरच्या हंगामात काय वाजणार, कोणता पियानोवादक बोलवायचा, त्याला द्यायला परवडेल असे मानधन किती, निवृत्त होणाऱ्या ओबोवादकाच्या जागी कोण, देणगीदारांच्या जेवणाला कोणाशेजारी बसायचे. तालीम अडीच-तीन तासांची, मध्ये ठरलेली सुट्टी, आणि युनियनच्या करारामुळे मिनिटभर जास्त थांबवायचे तरी हिशोब. एकल वादकाबरोबरच्या कॉन्चेर्टोत स्वतःचे मत बाजूला ठेवून त्याच्या श्वासाबरोबर जायचे. ऑपेरात गायिका एक ओळ गाळून पुढे गेली तर साठ वादकांना दोन मात्रांत तिच्याजवळ न्यायचे. ते साधले की श्रोत्यांना काहीच कळत नाही, म्हणजेच ते उत्तम साधले. पंचांना तरी ते कसे दिसावे?

आणि माणसे. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये हर्बर्ट फॉन कारायान हे जवळपास दैवत होते. १९८२-८३ मध्ये त्यांना साबिने मायर ही तरुण क्लॅरिनेटवादक ऑर्केस्ट्रात हवी होती. वादकांनी मतदान केले: ७३ विरुद्ध, ४ बाजूने. त्या एका नेमणुकीने पंचवीसहून अधिक वर्षांच्या संसारात जी फट पडली ती पुरती बुजली नाही. कारायान यांच्याच नावाची कंडक्टरांची स्पर्धा बर्लिनमध्ये १९६९ पासून भरत होती. तिच्या कुठल्याही फेरीत ‘वादक तुमचे ऐकत नाहीत, आता काय?’ असा पेपर नव्हता.

मेहतांनाही असे पेपर पुढे मिळाले. इस्रायल फिलहार्मोनिकने १९३८ पासून वॅग्नरचे संगीत वाजवले नव्हते. त्याचा ज्यूद्वेष आणि नाझींनी त्याला दिलेले स्थान ही कारणे. १९८१ मध्ये तेल अवीवला मेहतांनी कार्यक्रमाच्या शेवटी ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’चा शेवटचा भाग वाजवायचे ठरवले, ज्यांना नको त्यांनी निघून जावे असे आधी सांगितले, तरी सभागृहात गोंधळ झालाच. ७ सप्टेंबर २०१३ ला ते बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा घेऊन श्रीनगरच्या शालिमार बागेत उभे राहिले तेव्हा खोऱ्यात बंद होता आणि शहरात दुसरीकडे निषेधाचा पर्यायी कार्यक्रम चालला होता. वाजवावे की न वाजवावे, कुणासाठी, कुणाच्या निमंत्रणावरून? हेही कंडक्टरचेच निर्णय. त्यांत चूक-बरोबर ठरवणारा कागद नसतो. मला विचाराल तर श्रीनगरपेक्षा तेल अवीवचा निर्णय अधिक धाडसाचा होता, कारण तिथे नाराज होणारे श्रोते त्यांचे स्वतःचे, वर्षानुवर्षांचे होते.

मुंबईतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे गणित आणखी वेगळे. एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी तो २००६ मध्ये उभा केला. हंगाम आला की कझाकस्तानपासून युरोपपर्यंतचे वादक नरिमन पॉइंटला जमतात, त्यांच्यात इथले वादक मिसळतात आणि काही आठवड्यांत त्या सगळ्यांचा एक आवाज करायचा असतो. ज्या ऑर्केस्ट्राला शंभर वर्षांची सवय आहे तिथे कंडक्टर सवय मोडायला शिकतो. इथे त्याला सवय लावावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये या ऑर्केस्ट्रासमोर मेहता प्रथमच उभे राहिले, वयाच्या ८७ व्या वर्षी.

मग स्पर्धा बंद कराव्यात? तसे मुळीच नाही. ओळखीपाळखीच्या या बंद जगात स्पर्धा हे बाहेरच्या माणसासाठी उघडणारे जवळजवळ एकमेव दार आहे. १९५९ मध्ये सेइजी ओझावा मालवाहू जहाजाने, सोबत एक स्कूटर घेऊन जपानहून युरोपात आले आणि बझाँसाँ जिंकले. त्याविना कुणी त्यांना तालमीच्या खोलीत तरी घेतले असते का? १९७४ मध्ये १९ वर्षांच्या सायमन रॅटल यांना स्पर्धेमुळेच बोर्नमथची सहायकाची जागा मिळाली. बायकांना तर हे दार फार उशिरा उघडले. २०२० मध्ये पॅरिसला कंडक्टर क्लेअर जिबो यांच्या पुढाकाराने केवळ स्त्रियांसाठी ‘ला मेस्त्रा’ ही स्पर्धा सुरू झाली, ती उगीच नव्हे. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या आणि डेन्मार्कमध्ये वाढलेल्या मारिया बॅडस्ट्यू आज युरोपातल्या ऑर्केस्ट्रांसमोर उभ्या राहतात. त्यांच्या आधीच्या पिढीत असे नाव शोधायला बसावे लागे.

एक अडचण मात्र राहतेच. व्हायोलिन शिकणारा मुलगा गणेशगुडीच्या एखाद्या क्वार्टरमध्ये दार लावून रोज चार तास रियाज करू शकतो. कंडक्टरचे वाद्य म्हणजे साठ-ऐंशी माणसे. त्यांच्याशिवाय रियाज म्हणजे आरशासमोर हात हलवणे. स्पर्धेचा अर्ज भरायचा तर ध्वनिचित्रफीत हवी, फितीसाठी ऑर्केस्ट्रा हवा, आणि ऑर्केस्ट्रा मिळावा म्हणून तर स्पर्धा जिंकायची.

हा तिढा ज्यांनी सोडवला त्यांची सुरुवात बघावी. मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्हस्कींकडे कंडक्टिंग आणि जोडीला डबल बास शिकले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बघू देत नसत, म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो गायकवृंदात भरती झाले. गाता गाता वॉल्टर आणि कारायान कसे थांबवतात, कधी थांबवत नाहीत, ते समोरून पाहता आले. १९५६ मध्ये हंगेरीतल्या उठावानंतर निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले तेव्हा मेहतांनी आठवडाभरात विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा उभा करून छावणीत कार्यक्रम केला. रॅटल यांनी स्पर्धेआधीच, विद्यार्थी असताना, स्वतः वादक-गायक गोळा करून माह्‌लरची दुसरी सिम्फनी वाजवली होती. ती करायला लागणारी माणसे मोजली तरी घाम फुटतो. गुस्तावो डुडामेल यांनी २००४ मध्ये बांबर्गची पहिली माह्‌लर स्पर्धा जिंकली तेव्हा ते २३ वर्षांचे होते, पण व्हेनेझुएलातला सिमोन बोलिवार युवा ऑर्केस्ट्रा १९९९ पासून त्यांच्या हाती होता. पंचांनी वीस मिनिटांत ओळखले ते या पाच वर्षांचे काम.

गोन्साल्विस यांनी १९५८ च्या त्या कार्यक्रमासाठी वादक जमवले ते स्टुडिओच्या शिफ्टमधून. रोजची नोकरी सांभाळून तालमीला येणारे, गोव्याचे आणि गोव्याबाहेरचे. ‘सोनाटिना इंडियाना’, राग सारंगवरचा कॉन्चेर्टो अशा त्यांच्या रचना वाजवायला दुसरा ऑर्केस्ट्रा कुठे होता? तो उभा केल्याशिवाय त्या ऐकायलाच मिळाल्या नसत्या. १९६५ मध्ये शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूस विद्यापीठात गेले; परतल्यावर माजोर्ड्याला राहिले, चित्रपटांकडे वळले नाहीत. २०१२ मध्ये ते गेले. देशभरात त्यांचे नाव माहीत झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्याने. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या त्या गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव ठेवले होते. ते एका खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचे आणि संयोजकाचे नाव आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावीही नव्हते.